फॉरमॅट मारण्याआधी जुनी कार्डं बांधून ठेव

*काका, नमस्कार. मी नीलमनगरला राहते. घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर समजून घ्या. घरचे चादरीचे आणि टॉवेलचे माग आहेत, आणि चार वर्षांपासून डिझाइनचं काम मी लॅपटॉपवर करते. विंडोज ११ आहे. इंटेल आणि एनव्हिडिया असे दोन्ही स्टिकर लावलेले आहेत. तीन आठवड्यांपूर्वी अपडेट झालं, तेव्हापासून पडदा लुकलुकतो. मोठं डिझाइन उघडून झूम केलं की पडदा थिजतो, काळा पडतो आणि दोन-तीन सेकंदांनी परत येतो. रंगही फिके दिसतात. दुकानदार म्हणाला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर उडालाय, फॉरमॅट मारू, नाही जमलं तर बोर्ड बदलू. वडील म्हणतात, हप्त्यावर नवा घेऊन टाक. मैत्रीण म्हणते, ड्रायव्हरचा बॅकअप घेऊन तो परत टाकता येतो. खरंच येतो का? मला एकटीला जमेल का? पंधरा दिवसांत व्यापाऱ्याला नवी डिझाइनं दाखवायची आहेत.*

*– एक वाचक, नीलमनगर, सोलापूर*

येतो. आणि तुला एकटीला जमेल. जॅकार्डचं डिझाइन जी पोरगी चौकटी मोजून काढते तिला हे काम जड नाही. पण मैत्रिणीनं सांगितलेली गोष्ट तिसऱ्या पायरीवरची आहे. तिच्या आधीच्या दोन पायऱ्या चुकल्या, तर ड्रायव्हर दहा वेळा टाकलास तरी पडदा लुकलुकतच राहील.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते तुझ्याच घरातल्या वस्तूवरून सांगतो. तुमच्या शेडमध्ये जुन्या जॅकार्डची भोकं पाडलेली कार्डं असतील, दोरीनं ओवून माळ केलेली. माग तोच, सूत तेच, पण कोणता हूक उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे ती माळ सांगते. माळेतलं एक कार्ड उलटं लागलं तर मोराची मान तुटते, आणि नवखा कारागीर मागालाच दोष देतो. लॅपटॉपमधली ग्राफिक्सची चिप हा माग आहे आणि ड्रायव्हर ही कार्डांची माळ. अपडेटनं तुझी माळ बदलली असेल, तर माग विकायचं काही कारण नाही. पण माळ ठीक असून मागाचाच दांडा सैल झाला असेल, तर नवी कार्डं पाडून काय होणार? म्हणून पहिली पायरी म्हणजे दोष कुठे आहे ते बघणं.

तीही नव्हे. त्याच्याही आधी तुझं काम सुरक्षित कर. आज रात्रीच. सगळी डिझाइनं एका पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरव, आणि दुसरी प्रत गूगल ड्राइव्हवर किंवा भावाच्या संगणकावर ठेव. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं फोल्डर ही तिन्ही ठिकाणं नीट बघ. २०११ साली मी एका चादरवाल्या घरातला संगणक फॉरमॅट केला. मालक म्हणाले, सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे. मी विश्वास ठेवला, स्वतः उघडून बघितलं नाही. सात वर्षांची डिझाइनं डेस्कटॉपवर होती, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो. ती सगळी गेली. त्या गृहस्थांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, उलट चहा पाजला, आणि ते मला आजही विसरता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे फॉरमॅट करूनही पडदा तसाच थरथरत होता, कारण मॉनिटरची केबल मागून सैल होती. तेव्हापासून मी कुणालाही फॉरमॅट हा पहिला उपाय म्हणून सांगत नाही.

आता दोष शोधू. चार परीक्षा आहेत. पैसा लागत नाही, अर्धा तास पुरतो.

पहिली परीक्षा बायोसची, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावरच. विंडोज सुरू व्हायच्या आधी लॅपटॉपचा स्वतःचा एक सेटिंगचा पडदा असतो. तिथे तुझा इंटेलचा किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर चालूच झालेला नसतो. लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ-२ किंवा डिलीट दाबत राहिलं की बहुतेक मॉडेलांत हा पडदा उघडतो. काहींत एफ-१० असतं. तिथे काहीही बदलू नकोस, नुसती पाच-सात मिनिटं बघत बस. झाकण हळूच पुढेमागे करून बघ. तिथेही लुकलुकत असेल, रेघा येत असतील, किंवा झाकण हलवल्यावर चित्र जात-येत असेल, तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही. पडद्याची केबल बिजागरातून जाते, रोजच्या उघड-मिटीत ती झिजते. त्या परिस्थितीत पुढचं सगळं सोडून दे आणि चांगल्या कारागिराला फक्त केबल आणि पडदा तपासायला सांग. तिथे चित्र स्थिर असेल, तर केबलवरचा संशय बराचसा गेला. पुढे वाच.

दुसरी परीक्षा: विंडोजमध्ये पडदा लुकलुकत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघड. बाकीच्या पडद्याबरोबर टास्क मॅनेजरही लुकलुकत असेल, तर संशय ड्रायव्हरवर. तो स्थिर आणि बाकीचं लुकलुकतंय, तर एखादा प्रोग्राम बिघडलाय, बहुधा डिझाइनचं सॉफ्टवेअरच. त्याचं अपडेट आलंय का ते आधी बघ. मायक्रोसॉफ्ट स्वतः हीच परीक्षा सांगतं, आणि आश्चर्य वाटेल इतकी ती उपयोगी पडते.

तिसरी: घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावून तेच डिझाइन तिथे उघड. टीव्हीवर स्वच्छ आणि लॅपटॉपवर बिघडलेलं असेल, तर पडदा, केबल किंवा इंटेलची बाजू. दोन्हीकडे बिघडत असेल, तर ड्रायव्हर किंवा चिप. तुझ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत म्हणून इथे एक गोष्ट लक्षात ठेव, जी दुकानातसुद्धा पुष्कळ जण विसरतात. अशा बहुतेक लॅपटॉपांत आतला पडदा इंटेलच्या चिपला जोडलेला असतो. एनव्हिडिया मोठं काम करून चित्र तयार करते आणि इंटेलच्या हाती देते, पडद्यावर ते इंटेल दाखवते. म्हणून सारखं लुकलुकणं हे पुष्कळदा इंटेलच्या ड्रायव्हरचं दुखणं असतं, आणि लोक मात्र एनव्हिडियाचाच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

चौथी परीक्षा सोलापूरची म्हण. जे डिझाइन उघडल्यावर पडदा काळा पडतो, तेच डिझाइन पहाटे साडेपाचला, पंखा लावून, टेबलावर ठेवून उघड. मग तेच दुपारी तीनला उघड. पहाटे गुण्यागोविंदानं चालतंय आणि दुपारी मान टाकतंय, तर हे उष्णतेचं काम आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त, आणि तुमच्या घरात वर सुताचं तूस. हे तूस लॅपटॉपच्या पंख्यातून आत जातं आणि गरम हवा जिथून बाहेर पडते त्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाळीवर बसतं. मी नीलमनगर, अशोक चौक भागातले लॅपटॉप उघडलेत. आत अक्षरशः बोटभर जाडीची गादी निघते, चादरीच्या रंगाची. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर गेलीस की जीपीयू शून्य आणि जीपीयू एक असे दोन दिसतील. जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप. एनव्हिडियाच्या पानावर तापमानाचा आकडाही असतो. झूम केल्यावर तो नव्वदीकडे धावत असेल, तर आधी सफाई.

सफाईबद्दल एक कळकळीची विनंती. शेजारच्या कारखान्यातला हवेचा पाइप लॅपटॉपला लावू नकोस. त्याचा दाब फार असतो, हवेत पाण्याचे थेंब असतात, आणि पंखा त्या झोतानं नको इतक्या वेगानं फिरून त्याची बेअरिंग जाते. खालचं झाकण उघडून, पंख्याचं पातं बोटानं धरून, मऊ ब्रशनं तूस काढायचं असतं. स्वतः उघडायची सवय नसेल तर कारागिराकडून समोर बसून करून घे. आणि लॅपटॉप चादरीवर ठेवून काम करत असशील, तर ते आजपासून बंद. हवा खालून आत येते, चादर ती जागाच बंद करते.

तुझ्या पत्रातलं "थिजतो, काळा पडतो आणि दोन-तीन सेकंदांनी परत येतो" हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. ग्राफिक्सच्या चिपनं ठरलेल्या वेळेत, म्हणजे साधारण दोन सेकंदांत, उत्तर दिलं नाही तर विंडोज तिला अडकली असं समजून ड्रायव्हर बंद करतं आणि पुन्हा सुरू करतं. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. आधी अशा वेळी संपूर्ण संगणक अडकायचा. म्हणजे तू पाहतेस तो काळा पडदा ही विंडोजची वाचवण्याची धडपड आहे. खात्री करायची असेल तर स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोध, विंडोज लॉग्समधलं सिस्टिम उघड, आणि डिस्प्ले या नावाखाली ४१०१ क्रमांकाच्या नोंदी आहेत का बघ. त्या नोंदींच्या तारखा अपडेटच्या दिवसापासूनच सुरू होत असतील, तर चोर सापडला. अपडेटच्या आधीपासूनच्या असतील, तर उष्णतेकडे परत वळ.

आता धरून चालू की चारही परीक्षांत बोट ड्रायव्हरकडेच गेलं. तरीही लगेच काही काढायचं नाही. आधी जुना परत बोलावून बघायचा.

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाब, यादीतून डिव्हाइस मॅनेजर निवड, डिस्प्ले अडॅप्टर्स उघड. तिथे इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन नावं दिसतील. दोन्हींवर डबल क्लिक करून ड्रायव्हरच्या पानावरची तारीख आणि आवृत्तीचा आकडा वहीत लिहून घे. फोननं फोटो काढलास तरी चालेल. त्याच पानावर रोल बॅक ड्रायव्हर असं बटण असतं. ते दाबता येत असेल, तर विंडोजनं आधीचा ड्रायव्हर जपून ठेवलाय. आधी इंटेलचा मागे ने, लॅपटॉप बंद करून सुरू कर, एक दिवस काम करून बघ. फरक नाही पडला तर एनव्हिडियाचा. दोन्ही एकदम नको, नाहीतर कशानं बरं झालं ते कधीच कळणार नाही. पुष्कळ लोकांचं दुखणं इथेच संपतं. तुझंही संपलं, तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन अपडेट काही आठवडे थांबवून ठेव, म्हणजे तोच ड्रायव्हर लगोलग परत येऊन बसणार नाही. व्यापाऱ्याचं काम उरकलं की अपडेट पुन्हा चालू करायला मात्र विसरू नकोस, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.

बटण फिकट असेल, दाबता येत नसेल, तर मग तुझ्या मैत्रिणीची गोष्ट.

बॅकअप घ्यायला कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको, फुकटचं उतरवायला तर अजिबात नको. "तुमचे ड्रायव्हर जुने झालेत" असं लाल अक्षरात सांगणारे जे प्रोग्राम असतात, ते भलतेच ड्रायव्हर टाकतात आणि सोबत जाहिरातींची पिलावळ आणतात. दुकानात पाच-सहा मॉडेलांना एकच चालणारी ड्रायव्हरची डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह असतो, तोही नको. विंडोजमध्ये यासाठी एक आज्ञा आधीपासून आहे. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लाव, त्यात इंग्रजीत एक फोल्डर कर, नाव साधं ठेव, मधे मोकळी जागा नको. मग स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करून कमांड प्रॉम्प्टवर उजवं क्लिक कर आणि रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर निवड. काळी खिडकी उघडेल. आता फोनवर सांगावं तसं अक्षर-अक्षर सांगतो, इंग्रजी अक्षरांत टाइप कर.

पी, एन, पी, यू, टी, आय, एल, हे सलग. मग एक स्पेस. मग पुढे झुकलेली तिरपी रेघ, जी प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते. तिला चिकटून एक्स्पोर्ट हा शब्द, त्याला चिकटून छोटी आडवी रेघ, तिला चिकटून ड्रायव्हर हा शब्द. मग स्पेस. मग चांदणी, आठाच्या अंकावर असते ती. मग स्पेस. मग पेनड्राइव्हचं अक्षर, समजा ई, त्याला चिकटून दोन टिंबांचं कोलन, मग मागे झुकलेली तिरपी रेघ, आणि फोल्डरचं नाव. एंटर.

चांदणीचा अर्थ "सगळे". तुझ्या लॅपटॉपवर बाहेरून आलेले जेवढे ड्रायव्हर आहेत, म्हणजे ग्राफिक्स, वायफाय, आवाज, टचपॅड, प्रिंटर, ते सगळे एकेका फोल्डरमध्ये उतरतात. विंडोजचे स्वतःचे उतरत नाहीत, त्यांची गरजही नाही, ते विंडोजबरोबर येतातच. पाच-दहा मिनिटं लागतात. ग्राफिक्सचे ड्रायव्हर जड असतात, त्यामुळे एकूण फोल्डर काही जीबीचं झालं तर घाबरू नकोस. संपल्यावर फोल्डर उघडून आत खरंच काही आलंय का ते बघ. मी २०११ साली जे बघितलं नाही, ते तू बघ.

इथे एक बारीक गोष्ट आहे. आज घेतलेला बॅकअप म्हणजे आजची परिस्थिती, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट. पण विंडोज आपल्या कोठारात जुने ड्रायव्हर पुष्कळदा ठेवून देतं आणि चांदणीमुळे तेही उतरतात. त्यामुळे रोल बॅकचं बटण फिकट असलं तरी जुनी माळ कोठारात सापडू शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेलवर उजवं क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, आणि मग खालचा पर्याय, "लेट मी पिक" असा सुरू होणारा. तिथे एकापेक्षा जास्त आवृत्त्या दिसल्या, तर वहीत लिहिलेल्या आकड्याहून जुनी निवड. वरचा पर्याय, म्हणजे फोल्डर दाखवून शोधायला लावणं, इथे दगा देतो. विंडोजला नवाच ड्रायव्हर बरा वाटतो आणि ते म्हणतं, सगळ्यात चांगला आधीच बसलेला आहे.

या बॅकअपमध्ये काय येत नाही तेही सांगायला हवं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधली तुझी सेटिंगं येत नाहीत, आणि पडद्याच्या रंगाची प्रोफाइल येत नाही. डिझाइनवाल्या माणसाला ही दुसरी गोष्ट लागते. कधी कुणी पडद्याचे रंग जुळवून दिले असतील, तर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात सिस्टिम-३२, त्यात स्पूल, त्यात ड्रायव्हर्स, त्यात कलर असं फोल्डर आहे, त्याचीही प्रत पेनड्राइव्हवर घे.

फिक्या रंगाचा विषय निघालाच आहे तर इथेच संपवतो. इंटेलच्या ग्राफिक्सच्या प्रोग्राममध्ये, सिस्टिममधल्या पॉवरच्या पानावर, बॅटरी वाचवण्यासाठी पडद्याचा उजेड आणि गडद-फिकेपणा आपोआप बदलणारं एक सेटिंग असतं. अपडेटनंतर ते परत चालू होऊ शकतं. चार्जर काढल्यावर रंग फिके आणि लावल्यावर ठीक असं होत असेल, तर दुसरं काही शोधू नकोस, ते बंद कर. त्याच्या शेजारचं पॅनेल सेल्फ रिफ्रेश हेही बंद करून बघ, लुकलुकण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. पिवळट झाक असेल तर विंडोजचा नाइट लाइट चालू राहिलाय का ते बघ. व्यापाऱ्याला लाल चादर दाखवायची आणि पडद्यावर ती विटकरी दिसायची, यात माणसाचं नुकसान होतं.

आता पुन्हा टाकणं. नवे ड्रायव्हर आधी उतरवून घे, मगच जुने काढ. उलटं केलंस आणि नेमकं वायफाय रुसलं, तर अडकून पडशील. लॅपटॉपच्या तळाला मॉडेल क्रमांक असतो. बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून तिथले इंटेल आणि एनव्हिडियाचे ड्रायव्हर घे. ते कधीकधी जुने दिसतात, पण तुझ्या मॉडेलसाठी तपासलेले असतात, आणि पडदा स्थिर करायचा असताना नव्यापेक्षा तपासलेला बरा. ते मिळाले नाहीत किंवा चालले नाहीत, तरच थेट इंटेलच्या आणि एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून घे. एनव्हिडियाकडे दोन प्रकार दिसतील, गेम रेडी आणि स्टुडिओ. तू स्टुडिओ घे. यादीत नोटबुक लिहिलेली मालिका निवड, टेबलावरच्या संगणकाची नको. वायफायचा ड्रायव्हरही उतरवून ठेव. तेवढ्यानंही भागलं नाही तर ॲन्ड्रॉइड फोन यूएसबी केबलनं लावून यूएसबी टेदरिंग चालू कर, इंटरनेट मिळतं.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर चालतं त्या अवस्थेत जाताना, किंवा बायोसमध्ये काही बदललं की ते ४८ आकडी किल्ली मागू शकतं. ती किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात जपलेली असते. आपल्याकडे लॅपटॉप पुष्कळदा दुकानातच, तिथल्याच कुणाच्या ईमेलनं सुरू करून देतात. मग तुझ्या घराची किल्ली दुकानदाराच्या खिशात. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून खातं कुणाचं आहे ते बघ, तुझं असेल तर त्यात जाऊन ती किल्ली कागदावर उतरव. तुझं नसेल, तर ते बदलल्याशिवाय आणि किल्ली हाती आल्याशिवाय बायोस किंवा सेफ मोडच्या वाटेला जाऊ नकोस. बायोसची परीक्षा मी वर पहिली सांगितली खरी, पण तिच्याही आधी हे कर.

मग एखाद्या सकाळी, चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना बस. वीज जायच्या वेळेला नको. वायफाय बंद कर, नाहीतर जुना ड्रायव्हर निघाल्याबरोबर विंडोज स्वतःच्या मनानं दुसरा आणून बसवतं. स्टार्टमध्ये रिस्टोअर पॉइंट शोधून एक करून ठेव, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आजच्या स्थितीला परत नेता येईल; सिस्टिम प्रोटेक्शन बंद असेल तर आधी चालू कर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आधी एनव्हिडिया, मग इंटेल, दोन्हींवर अनइन्स्टॉल डिव्हाइस, आणि ड्रायव्हरही काढून टाका अशा अर्थाची चौकट येईल तिच्यावर खूण कर. पडद्यावरची अक्षरं मोठी आणि ओबडधोबड होतील, उजेड कमी-जास्त होणार नाही. घाबरू नकोस. तेव्हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर काम करत असतो. एकदा बंद-चालू कर. मग आधी इंटेल टाक, पुन्हा बंद-चालू, मग एनव्हिडिया. एनव्हिडियाच्या वेळी कस्टम निवडून क्लीन इन्स्टॉलेशनवर खूण कर. मधे दहा-पंधरा सेकंद पडदा पूर्ण काळा होतो. त्या वेळी बटण दाबून लॅपटॉप बंद करू नकोस, ते अपेक्षितच असतं.

एवढं करूनही जुन्याचे अवशेष त्रास देत असतील, तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, वॅगनार्डसॉफ्टच्या संकेतस्थळावर मिळतो आणि सेफ मोडमध्ये चालवतात. तो झाडून सगळं काढतो. तुझ्यावर ती वेळ येईल असं मला वाटत नाही.

शेवटी डिझाइनचं सॉफ्टवेअर एनव्हिडियावर चालतंय याची खात्री कर. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथे त्या सॉफ्टवेअरचं नाव निवडून हाय परफॉर्मन्स कर. आणि पडदा कधी अडकलाच, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाब. बीप होईल, पडदा क्षणभर मिटेल, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं उभा राहील, आणि उघडलेलं डिझाइन सहसा जागेवर राहील.

वडिलांना सांग, हप्त्याचं आत्ता नको. चार वर्षांचा, विंडोज ११ चालणारा, दोन ग्राफिक्सचा लॅपटॉप टॉवेल-चादरीच्या डिझाइनला अजून पुष्कळ दिवस पुरेल. बोर्ड बदलायचा तर त्याआधी दुकानदाराला एकच विचार: बायोसमध्ये चित्र कसं दिसतं ते बघितलंत का? त्याच्या उत्तरावरून पुढे जायचं की दुसरं दुकान बघायचं ते तुला कळेल. आणि फॉरमॅटच करावं लागलं, तर हाच पेनड्राइव्ह लावून डिव्हाइस मॅनेजरमधून एकेकाला तो दाखवायचा. वायफायपासून सुरुवात कर. तेव्हा जुना ड्रायव्हर समोर नसतो, म्हणून फोल्डर दाखवण्याचा तो वरचा पर्याय बिनबोभाट चालतो.

पेनड्राइव्हवर पट्टी चिकटवून तारीख आणि लॅपटॉपचं मॉडेल लिही, आणि तो शेडमध्ये न ठेवता घरात कपाटात ठेव. बायोसमध्ये काय दिसलं ते मला दोन ओळींत कळव. तिथेच रेघा दिसल्या, तर बाकी काही करू नकोस, लॅपटॉपचं मॉडेल लिहून पाठव, केबलीसाठी कारागिराला काय विचारायचं ते पुढच्या अंकात सांगतो.